ट्रिप न होण्याची कला : डिफरेंशियल संरक्षणाची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही ‘मर्झ-प्राइस’ हे नाव नवं नाही : यंत्रात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या करंटमधला फरक पाहून बिघाड पकडणारी ही डिफरेंशियल संरक्षणाची योजना. संरक्षणाच्या पेपरात आल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) वाइंडिंगची ती आकृती हमखास यायची. हे दोघे कोण आणि त्यांना अशा योजनेची गरज का पडली, हे मात्र पुस्तकात सहसा नसायचं.

चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस हे इंग्लंडच्या ईशान्येकडचे, न्यूकॅसलचे अभियंते. टाइन नदीकाठच्या गोद्या, कारखाने आणि आसपासच्या कोळसा खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भराभर विजेवर येत होत्या. ब्रिटनमध्ये इतरत्र गावागणिक छोटी वीजघरं असताना इथं मर्झ मोठी केंद्रं बांधून ती एकमेकांना जोडत सुटला होता. खरी अडचण या जोडण्यातूनच आली. एका टोकानं वीज पुरवणाऱ्या लाइनवर फ्यूज किंवा वेळेचा क्रम लावलेला ओव्हरकरंट रिले पुरतो. करंट मर्यादेपलीकडे गेला की हा रिले ब्रेकर उघडून वीज तोडतो, म्हणजे ट्रिप करतो; वेळेचा क्रम म्हणजे कोणत्या रिलेनं किती थांबायचं ते ठरवणं. जाळ्यात मात्र फॉल्टला, म्हणजे बिघाडाला, दोन्ही बाजूंनी करंट मिळतो. करंट वाढला एवढंच रिलेला कळतं. बिघाड आपल्या केबलवर आहे की पलीकडच्या, हे कळत नाही. शिवाय वेळेच्या क्रमात सर्वात जास्त थांबावं लागतं ते जनरेटरजवळ, म्हणजे जिथं फॉल्ट सर्वात जोरदार तिथंच.

१९०४ साली दोघांनी पेटंट घेतलं. कल्पना अगदी साधी : उपकरणात जितका करंट शिरतो तितकाच बाहेर पडला पाहिजे. दोन्ही टोकांना करंट मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, बसवायचे, पायलट वायरनं (त्यासाठीच ओढलेल्या बारीक तारेनं) जोडायचे आणि मध्ये रिले ठेवायचा. फॉल्ट बाहेर असेल तर दोन्ही सीटींचा करंट पायलटमधूनच फिरत राहतो. फॉल्ट आत असेल तर फरकाचा करंट रिलेतून जातो आणि ब्रेकर उघडतो. कुणासाठी थांबायचं कारणच उरत नाही. शिरेल तितकाच करंट बाहेर पडतो हा किर्चॉफचा नियम १८४५ पासून सगळ्यांना ठाऊक होता. त्याचा पहारेकरी करायला साठ वर्षं गेली.

पुढे प्राइस दक्षिण आफ्रिकेत गेला. मर्झची सल्लागार फर्म, मर्झ अँड मॅक्लेलन, आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या विद्युतीकरणाच्या कामातही होती.

तत्त्व तेव्हाच पूर्ण झालं होतं. माझ्या मते त्यानंतरचा सगळा इतिहास हा या रिलेला केव्हा ट्रिप व्हायचं नाही, हे शिकवण्याचा आहे. कारण दोन सीटी कधीच तंतोतंत सारखे नसतात. बाहेर मोठा फॉल्ट झाला की एक सीटी आधी सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वानं भरून जातो आणि तो करंट नीट मोजू शकत नाही; मग खोटा फरक दिसतो आणि धडधाकट मशीन बंद पडतं. त्यावर बायसची युक्ती आली : वाहणारा करंट जितका मोठा, तितका ट्रिपसाठी लागणारा फरकही मोठा. बसबारसाठी, म्हणजे अनेक लाइन जिथं एकत्र जोडतात त्या पट्ट्यांसाठी, वेगळी वाट निघाली. तिथं रिलेच्या वाटेतला इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) मुद्दाम वाढवला, म्हणजे खोटा करंट रिलेत न शिरता सॅच्युरेट झालेल्या सीटीतून निघून जातो.

ट्रान्सफॉर्मरनं सर्वात जास्त छळलं. दोन बाजूंचं गुणोत्तर वेगळं, व्होल्टेज सांभाळायला वाइंडिंगचा टॅप बदलला की तेही हलतं, दोन बाजूंच्या वाइंडिंगच्या वेगळ्या, म्हणजे स्टार-डेल्टा, जोडणीमुळे ३० अंशांचा फेजफरक येतो. तो काढायला स्टार बाजूचे सीटी डेल्टात आणि डेल्टा बाजूचे स्टारमध्ये जोडायची पद्धत पडली. पण इनरशचं काय? ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना, म्हणजे त्याला वीज जोडताना, कोअर सॅच्युरेट होऊन पूर्ण लोडच्या कित्येक पट करंट येतो, आणि तोही एकाच बाजूनं. रिलेच्या दृष्टीनं हा सरळ आतला फॉल्ट. सुरुवातीला चार्जिंगच्या वेळी रिले मुद्दाम मंद ठेवत. हा तोडगा मला कधीच पटला नाही, कारण दुरुस्त होऊन आलेल्या ट्रान्सफॉर्मरचा दोष उघडा पडण्याची शक्यता नेमकी चार्ज करतानाच जास्त.

यावर उत्तर आलं ते अमेरिकेतून. १९३८ मध्ये केनेडी आणि हेवर्ड यांनी हार्मोनिक, म्हणजे करंटमध्ये मिसळलेल्या मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, पाहून रिले रोखण्याची पद्धत मांडली. इनरशमध्ये दुसरा हार्मोनिक भरपूर असतो, फॉल्टमध्ये फार कमी. आजच्या न्यूमेरिकल (संगणकी) रिलेतही हेच तपासतात. मूळ वारंवारतेच्या करंटच्या साधारण १५ टक्क्यांचं सेटिंग सर्रास दिसतं. सीटीच्या डेल्टा जोडणीचं काम आता गणितानं होतं. लाइनवर पायलट वायरची जागा ऑप्टिकल फायबरनं घेतली आणि दोन्ही टोकांना मोजलेल्या करंटच्या नमुन्यांची वेळ जुळवणं हे नवं काम येऊन पडलं. घरातली आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) हीसुद्धा याच तत्त्वाची धाकटी पाती : फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजणारी.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी १० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर, क्षमतेचं माप) आणि त्याहून मोठ्या ट्रान्सफॉर्मरला डिफरेंशियल संरक्षण सक्तीचं केलं.

इनरशचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. नव्या कोअर स्टीलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एखाद्या फेजचा दुसरा हार्मोनिक १५ टक्क्यांच्याही खाली जातो आणि रिले विनाकारण ट्रिप होतो. मग एका फेजमध्ये हार्मोनिक दिसला तरी तिन्ही फेज रोखायच्या का? रोखल्या तर चार्जिंग सुरळीत होतं, पण त्याच वेळी दुसऱ्या फेजमध्ये खरा फॉल्ट असेल तर ट्रिपला उशीर होतो. टेस्टिंगवाल्यांचं यावर अजून एकमत नाही.