पाटीवरचा आकडा आणि सीमेपलीकडचा रस्ता

गेल्या गळीत हंगामात पुणे-बंगळूरु महामार्गावरच्या पेठ नाक्याजवळ सर्व्हिस रोडला एक टँकर उभा होता. ड्रायव्हर टायर ठोकून बघत होता. मागच्या पाटीवर रस्त्याचा चिखल उडून वाळला होता. त्यातून ‘११७’ एवढंच दिसत होतं, पुढचा आकडा झाकला होता. नंबर कसला, म्हणून विचारलं तर म्हणाला, “कंपनीचा असतोय त्यो. आत स्पिरीट हाय. कर्नाटकात चाललंय.” मग क्लीनरला हाक मारून त्यानं ओल्या फडक्यानं पाटी पुसून घेतली. खालून शून्य निघालं. ११७०.

हा नंबर कंपनीचा नाही. तो इथेनॉलचा, म्हणजे त्याच स्पिरीटचा आहे आणि जगभर एकच आहे. पेट्रोलचा १२०३, स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५, क्लोरीनचा १०१७. आपल्या द्राक्षबेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जो अमोनिया लागतो, त्याचा १००५. हे आकडे कुठून आले आणि आपल्या रस्त्यावर ते वाचणारा कुणी आहे का, हे समजून घेतल्याशिवाय धोकादायक मालाच्या वाहतुकीचा अंदाज बांधता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

१९५६ साली दोन गोष्टी घडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दलच्या शिफारशी पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि म्हैसाळ व कागवाड यांच्यामध्ये राज्याची हद्द आली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण आज मिरजेहून निघालेला टँकर ज्या हद्दीवरून जातो ती आणि त्याच्या पाटीवरच्या आकड्यामागची पद्धत, दोन्ही एकाच सालच्या.

हद्दी आपल्या भागाला नव्या नाहीत. इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यातून सांगलीकडे येताना औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे वाटेत लागत. स्फोटकांचा कायदा १८८४ चा, पेट्रोलियमचा आजही चालू असलेला कायदा १९३४ चा. पण हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते, संस्थानी मुलखात ते आपोआप लागू होत नसत. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, पुढे दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा कुठे इथला रस्ता एका कायद्याखाली आला.

युरोपात तर दर दोनशे-चारशे किलोमीटरवर देश बदलतो, भाषा बदलते. जर्मन ड्रायव्हरचा टँकर इटलीत उलटला तर तिथल्या अग्निशमनवाल्यानं काय वाचायचं? म्हणून नावाऐवजी आकडा आला. मालाचे नऊ वर्ग पाडले: स्फोटकं, वायू, ज्वलनशील द्रव वगैरे. ३० सप्टेंबर १९५७ रोजी जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा करार झाला, तो अमलात यायला १९६८ उजाडलं. भारत त्या करारात नाही, पण आकडे आणि वर्ग आपण तेच घेतले.

याच्याच जोडीला लंडनच्या अग्निशमन दलानं १९७० च्या दशकात कृतीची खूण तयार केली. आपल्याकडच्या टँकरवर नंबराशेजारी ‘३ वाय ई’ किंवा ‘२ वाय ई’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, ती हीच. पेट्रोलला ३, म्हणजे फेस मारा. स्पिरीटला २, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा चालेल, कारण स्पिरीट पाण्यात मिसळतं. साधा फेस मात्र स्पिरीटवर टिकत नाही, फुटून जातो. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फेस लागतो. शेवटचं ‘ई’ आलं की आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. चिखलानं झाकतं ते हे सगळं.

सीमेचा प्रश्न सगळ्यात कडू झाला तो सेवेसोच्या पिंपांमुळे. १९७६ मध्ये इटलीत सेवेसोजवळच्या कारखान्यातून डायऑक्सिन हे विषारी रसायन बाहेर पडलं. साफसफाईतून निघालेल्या विषारी कचऱ्याची ४१ पिंपं १९८२ मध्ये इटलीबाहेर गेली आणि बेपत्ता झाली. १९८३ मध्ये ती सापडली उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात, जुन्या कत्तलखान्यात. कागदावर सगळं रीतसर होतं, पिंपं कुठे आहेत हे मात्र सांगता येत नव्हतं. घातक कचरा देशाबाहेर नेण्यावर बंधनं घालणारा १९८९ चा बासेल करार ज्या प्रकरणांतून उभा राहिला, त्यातलं हे एक. भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला.

रस्त्यावरचा धोका किती, हे मोजायची सक्ती मात्र माणसं मेल्यावर आली. ११ जुलै १९७८ ला स्पेनच्या किनाऱ्यावर लॉस अल्फाकेस इथे सुट्टीवर आलेल्या लोकांच्या तंबूंशेजारी प्रॉपिलीन या ज्वलनशील वायूचा टँकर फुटला. परवानगी सुमारे १९ टनांची होती, भरलं होतं २३ टनांहून जास्त, आणि दाब सोडणारा व्हॉल्व्हच नव्हता. दोनशेहून अधिक माणसं गेली. माल तोच, टँकर तोच. ओसाड रस्त्यावर फुटला असता तर एखादाच जीव गेला असता. म्हणून धोका म्हणजे अपघाताची शक्यता गुणिले त्या क्षणी रस्त्याकडेला असलेली माणसं, हे गणित तेव्हापासून पक्कं धरलं जाऊ लागलं.

दुसरा धडा माँ ब्लाँ बोगद्याचा, आणि खंबाटकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो नीट वाचावा. २४ मार्च १९९९ ला फ्रान्सकडून इटलीकडे निघालेला ट्रक बोगद्यात पेटला. त्यात होतं पीठ आणि मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरतात ती चरबी. धोकादायक मालाच्या यादीत दोन्ही नाहीत. आग दोन दिवसांहून जास्त जळत राहिली आणि ३९ जणांचा जीव गेला. बोगद्याचा अर्धा भाग फ्रेंच कंपनीकडे, अर्धा इटालियन कंपनीकडे. हुकूम देणारं एकच डोकं नव्हतं. यानंतर युरोपीय करारात बोगद्यांच्या ए ते ई अशा श्रेणी आल्या, कुठल्या बोगद्यातून काय न्यायचं ते ठरलं. आपल्या खंबाटकीत साताऱ्याहून पुण्याला जाणारी वाहनं वर्षानुवर्षं जुन्या बोगद्यातून जात आली आणि बाहेर पडल्या पडल्या वळण घेत आली. त्या वळणावर किती गाड्या उलटल्या, हे शिरवळ-खंडाळ्याच्या लोकांना विचारा.

आपल्या देशात हे सारं जागं झालं भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पाटी सक्तीची झाली: मालाचं नाव, नंबर, वर्गाचं चिन्ह, तातडीचे फोन. ड्रायव्हरला खास प्रशिक्षण हवं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी, हेही तिथेच. १९९६ मध्ये केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट निवारण गट आले. नियम चांगले आहेत, मी मनापासून म्हणतो. पण ते मुख्यतः कारखान्याच्या कुंपणाभोवती विचार करतात. आराखडा जिल्ह्याचा, आणि टँकर दोन तासांत तीन जिल्हे ओलांडतो. कागलच्या पुढे राज्य बदलतं, ११२ फिरवलं तर दुसऱ्या राज्याचं नियंत्रण कक्ष उचलतं, पाटीवरचा कारखान्याचा फोन मराठी बोलतो.

आणि आता टँकर वाढलेत. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये नऊ राज्यांत सुरुवात झाली, महाराष्ट्र त्यात होता. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं मळीबरोबर उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला वाट दिली. २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेलं. वारणा-कृष्णाकाठच्या कारखान्यांना यातून पैसा मिळाला, शेतकऱ्याची बिलं निघाली, हे चांगलंच झालं. पण हंगामात याच रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या असतात, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि त्यांच्यामधून हे टँकर जातात.

अमेरिका-कॅनडातल्या अग्निशमन दलांची ठरलेली अंतरं अशी: टाकीलाच आग लागली असेल तर स्पिरीट किंवा पेट्रोलच्या टँकरपासून सगळ्या बाजूंनी ८०० मीटर, गॅसच्या टँकरपासून १६०० मीटर माणसं दूर न्यायची. पेठ नाक्यावर उभं राहून ८०० मीटर डोळ्यांनी मोजा. एसटीची वाट बघणारे, हॉटेलं, दुकानं, मागची वस्ती, सगळं त्यात येतं. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर तर विचारच नको.

शिवाय आपल्याकडे रस्त्याकडेची माणसं वर्षभर सारखी नसतात. आषाढीआधी माउलींची पालखी लोणंद, फलटणवरून जाते, तेव्हा वाहतूक वळवली जाते. म्हणजे धोका त्या दिवसांत एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्या गावांच्या दारात ठेवला जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. अडकलेली अवजड वाहनं महामार्गाच्या कडेला रांगेत उभी होती. धावत्या टँकरचं गणित मांडलेलं असतं, पण वस्तीला लागून चार-चार दिवस उभ्या राहिलेल्या टँकरचं मांडताना मी कुणाला पाहिलं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या चार जिल्ह्यांनी अशा वेळी टँकर कुठल्या मोकळ्या माळावर न्यायचे, ती जागा आधीच ठरवून ठेवावी, आणि ११७०, १२०३, १०७५ हे तीन आकडे महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवावेत.