हाणामारीच्या दृश्यांचे संकलन (चित्रपट)

हाणामारीचा प्रसंग कोणत्या शॉटांत (कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या तुकड्यांत) टिपायचा, ते किती लांब ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने जोडायचे, याचे तंत्र. प्रसंगातला ताण ठोशांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. ठोसा कधी आणि कोणाला बसणार हे प्रेक्षकापासून किती वेळ राखून ठेवले, यावर तो ठरतो. म्हणून भिडलेल्या नजरा, मागे सरकलेला पाय आणि दोघांमधले अंतर दाखवणारा लाँग शॉट (दुरून घेतलेला शॉट) यांना प्रत्यक्ष मारामारीइतकेच मोल असते.

या तंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सोव्हिएत मोंताजमध्ये, म्हणजे शॉटांच्या जोडणीतून नवा अर्थ घडवणाऱ्या शैलीत, शोधतात. दिग्दर्शक कुलेशॉव्हचे शॉट जोडण्याचे प्रयोग साधारणतः १९१८ ते १९२१ या काळातले मानले जातात. आयझेन्स्टाइनने १९२५ मध्ये ‘बॅटलशिप पोटेमकिन’ चित्रपटात ओदेसाच्या पायऱ्यांवरील गोळीबार प्रत्यक्ष वेळेपेक्षा लांबवून दाखवला. दुसरे मत जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाकडे बोट दाखवते. ‘सेव्हन सामुराय’मधील (१९५४) पावसातली अखेरची लढाई त्याने एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो भिंगांमुळे घोडे, चिखल आणि माणसे एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात. याच चित्रपटात त्याने मृत्यूचे क्षण मंदगतीत दाखवले. अमेरिकी दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये निरनिराळ्या गतींचे शॉट एकमेकांत गुंफले गेले, त्यामागे हाच धागा दिसतो. मोंताजचे ऋण मोठेच आहे; मात्र हाणामारीपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हाँगकाँग आणि तैवानमधील परंपरा वेगळी. दिग्दर्शक किंग हूच्या ‘अ टच ऑफ झेन’मधील (१९७०–७१) बांबूच्या बनातल्या झुंजीत काही शॉट इतके तोकडे आहेत की झेप पुरती दिसण्याआधीच निसटते. पेकिंग ऑपेरात (कसरतींची जोड असलेल्या चिनी संगीत नाट्यात) तयार झालेल्या हान यिंग-ज्ये यांनी तिच्या हालचाली बसवल्या होत्या. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारधाडपटांत ‘विराम–उसळी–विराम’ अशी लय दाखवून दिली. क्षणभर स्थिर राहिलेल्या देहामुळे पुढचा वार स्पष्ट वाचता येतो. सतत हलता कॅमेरा आणि अतिजलद कट (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणे) यांनी गोंधळ जाणवतो, पण कोण वरचढ आहे हे कळेनासे होते आणि ताण सैल पडतो.

ठोसा सहसा लागतच नाही. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की मूठ आणि जबडा यांमधली मोकळी जागा लपते. कट केल्यावर नव्या चौकटीत नजर स्थिरावायला क्षण लागतो. त्यामुळे काही संकलक दुसरा शॉट आघाताच्या दोन-तीन फ्रेम (चित्रपटातली एकेक स्थिर चित्रे) आधीपासून सुरू करतात. तेवढी हालचाल दोनदा दिसते, तरी प्रेक्षकाला ती एकच आणि अधिक जोरकस वाटते. उलट आघाताजवळच्या एक-दोन फ्रेम काढल्यास वार झटकन बसतो. लढणाऱ्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडली, तर पडद्यावर त्यांच्या डाव्या-उजव्या दिशा उलटतात. आघाताचा आवाज बहुधा नंतर भरला जातो.

पार्क चान-वूकच्या ‘ओल्डबॉय’मध्ये (२००३) बोळातली मारामारी बाजूने सरकणाऱ्या एकाच शॉटमध्ये आहे. तिथे कटची जागा नायकाचा थकवा घेतो. अलीकडे अनेक शॉट संगणकावर जोडून असा अखंड शॉट भासवतात. जोड सहसा झपकन फिरणाऱ्या कॅमेऱ्यात किंवा भिंगासमोरून जाणाऱ्या एखाद्या पाठीआड लपवलेला असतो.