दोन जातींचं एक फुलपाखरू

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पावसाळा सरता सरता एक फोटो हमखास फिरतो. गॅलरीतल्या कढीपत्त्याभोवती लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू घिरट्या घालतंय आणि त्याच्या मागे लागलेला नर अगदी वेगळा दिसतोय: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. 'दोन जातींचा क्रॉस चाललाय,' असं कुणीतरी खाली लिहितं. खरं तर दोघंही कॉमन मॉर्मनच, म्हणजे आपलं बहुरूपी. यातल्या काही माद्या नरासारख्या दिसतात, काही कॉमन रोज या दुसऱ्या फुलपाखरासारख्या, तर काही क्रिमझन रोज या तिसऱ्या फुलपाखरासारख्या. या दोन्ही 'रोज' फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि त्यांतलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. बहुरूपीची मादी विष न बाळगताच त्या दराऱ्याचा फायदा घेते. ओळख पटवायची तर पंखांवर वेळ घालवू नका, धड बघा. खऱ्या रोजचं डोकं आणि पोट लाल असतं, या मादीचं काळं. शिवाय 'रोज' फुलपाखरं कढीपत्त्यावर अंडी घालत नाहीत.

ही नक्कल सांभाळणारा जनुक २०१४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जाहीर झाला. संशोधन फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. पंखांचा आकार, ठिपके, रंग अशा अनेक गोष्टी एकदम बदलतात, म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या बऱ्याच जनुकांचा तो गट असणार, असा जुना अंदाज होता. निघाला एकच जनुक, डबलसेक्स. किटकाचं शरीर नराचं घडणार की मादीचं, हे ठरवण्यात त्याचा मुख्य वाटा असतो. म्हणजे एकाच जातीत, संकर न होता, इतकी वेगळी रूपं निपजू शकतात. त्यात ऋतुमानाची भर पडते. कॉमन इव्हनिंग ब्राउन या फुलपाखराच्या पंखाखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, उन्हाळ्यात त्याच जातीचं फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात काही विचित्र दिसलं तर आधी ही कारणं तपासायची, संकराचा विचार सगळ्यात शेवटी.

मग खरा संकर होतो का? होतो, पण वाटेत अडथळे फार. गंध आणि रंग जुळले नाहीत तर मादी नराला दाद देत नाही. मिलन झालंच तर पिल्लं अशक्त किंवा वांझ निघू शकतात, आणि तिथेही एक ठरलेला कल दिसतो. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये तो मांडला: संकरात एकच लिंग वांझ किंवा गायब असेल, तर ते दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असलेलं असतं. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) माणसात तसा पुरुष असतो, एक्स-वाय. फुलपाखरांत उलट, नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. त्यामुळे संकराचा फटका बहुधा मुलींना बसतो. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा: मुलीला झेड बापाकडून मिळतो, डब्ल्यू आईकडून.

कुंटे आणि सहकाऱ्यांचं २०११ सालचं अमेरिकेतलं काम याच धाग्यावर उभं आहे. तिथे टायगर स्वॅलोटेल नावाची पिवळी, काळ्या पट्ट्यांची मोठी फुलपाखरं आहेत. ईस्टर्न टायगर स्वॅलोटेल दक्षिणेकडच्या उबदार भागातलं, वर्षात दोन किंवा अधिक पिढ्या काढणारं. त्याच्या काही माद्या काळ्या असतात आणि ईश्वरीच्याच कुळातल्या वेलीवर वाढणाऱ्या एका विषारी फुलपाखराची नक्कल करतात, अगदी आपल्या बहुरूपीसारखी. कॅनेडियन टायगर स्वॅलोटेल थंडीतलं. त्याची वर्षाला एकच पिढी, कोष हिवाळाभर झोपलेला, आणि काळी मादी नाहीच. या दोघांच्या मधल्या ॲपलाचियन डोंगरांत तिसरी जात राहते. तिला थंडी मानवते आणि तिच्यात काळ्या माद्याही आहेत.

जनुकीय तपासणीत दिसलं की ही तिसरी जात दोघांच्या संकरातूनच आली आहे, साधारण एक लाख वर्षांपूर्वी. काळ्या रंगाचा गुण डब्ल्यूवर असतो, तो ईस्टर्नकडून आला. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघराचा डीएनएही आईकडूनच येतो, तोही ईस्टर्नचाच. थंडीशी जुळवून घेणारे झेडवरचे गुण मात्र कॅनेडियनचे. ईस्टर्न आई आणि कॅनेडियन बाप, हिशोब सरळ वाटतो. पण कॅनेडियनच्या झेडवर काळा रंग दाबून टाकणारा घटकही असतो. तो झेड अख्खा आला असता तर काळी मादी दिसलीच नसती. म्हणजे झेडच्या तुकड्यांची अदलाबदल व्हायलाच हवी. ती फक्त नरात शक्य आहे, कारण फुलपाखरांच्या माद्यांमध्ये गुणसूत्रांची अशी अदलाबदल होतच नाही. एवढी मोठी गोष्ट काही पिढ्यांतल्या संकरित नरांच्या अंगात ठरली, हे मला या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं.

हे पुरावे जमतात फुलपाखराच्या पायांवरून. दोन पाय काढून लगेच ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये टाकतात. इथेनॉल पातळ असेल किंवा नमुना उन्हात राहिला तर डीएनएचे तुकडे होतात. सुरुवातीला बहुतेक जण सीओआय हा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, कारण तो स्वस्त पडतो. संकर शोधायला तो एकटा कामाचा नाही. तो फक्त आईची बाजू सांगतो. शिवाय वोल्बाकिया हा जिवाणूही आईकडूनच पिल्लांत उतरतो, तो पसरला की त्याच्यासोबत एकाच आईचा मायटोकॉन्ड्रिया अख्ख्या जातीत पसरू शकतो, आणि जातींच्या नात्यांचं झाड चुकीचं रेखलं जातं.

म्हणून पूर्ण जनुकसंच वाचून चार जातींची तुलना करतात: अ आणि ब जवळच्या, क थोडी लांबची, ड सगळ्यात लांबची. ज्या जागी क मध्ये नवं अक्षर आलंय आणि ड मध्ये जुनंच आहे, तिथे ते नवं अक्षर फक्त अ मध्ये किती वेळा सापडतं आणि फक्त ब मध्ये किती वेळा, हे मोजायचं. निव्वळ योगायोग असेल तर दोन्ही आकडे साधारण सारखे येतात. ब चा आकडा ठळकपणे वाढला तर ब आणि क यांच्यात संकर झाल्याचा संशय पक्का होतो. मात्र मूळ पूर्वजांचे गट आधीपासूनच वेगवेगळे असतील तरीही असाच फरक दिसू शकतो, आणि जनुकं कुणाकडून कुणाकडे गेली हे या आकड्यावरून कळत नाही.

प्रयोगाने खात्री करायची तर संकर स्वतः घडवावा लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस हेउरिप्पा या फुलपाखराच्या पंखांवर लाल आणि पिवळा असे दोन्ही पट्टे असतात. २००६ मध्ये संशोधकांनी लाल पट्ट्याच्या आणि पिवळ्या पट्ट्याच्या दोन जातींचा संकर करून तीनच पिढ्यांत जवळजवळ तशीच नक्षी मिळवली. २०२४ मध्ये हेलिकोनियस इलेव्हेटसचा उलगडा झाला. त्याचा ९९ टक्के जनुकसंच एका जातीचा आहे, पण दुसऱ्या जातीकडून आलेल्या उरलेल्या एका टक्क्यात रंग, गंध आणि जोडीदाराची पसंती ठरवणारे भाग बसले आहेत. वेगळी जात म्हणून टिकायला तेवढं पुरलं.

स्वॅलोटेल पिंजऱ्यात सहजासहजी जुळत नाहीत, म्हणून त्यांना हाताने जुळवतात. मादी नुकती कोषातून निघालेली पण पंख वाळलेली हवी, नर दोन-तीन दिवसांचा आणि साखरपाणी प्यालेला. दोघांचे पंख मिटून धरायचे, नराच्या पोटाचं टोक हलकेच दाबून तिथले पकडीचे चिमटे उघडायचे आणि मादीच्या पोटाला टेकवायचे. पकड बसली की सोडून द्यायचं, हिसका द्यायचा नाही. लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क या पद्धतीत तरबेज होते, बहुरूपीवरही त्यांनी काम केलं. गरोदर बायकांना आज जे 'अँटी-डी'चं इंजेक्शन मिळतं, ते विकसित करणाऱ्यांत हेच क्लार्क होते.

आपल्या रुईवरचं प्लेन टायगर फुलपाखरूही या अभ्यासात आहे. केनियात नैरोबीच्या आसपास त्याची वेगवेगळ्या रंगांची रूपं एकमेकांत मिसळतात. तिथल्या अनेक माद्यांत स्पायरोप्लाझ्मा हा जिवाणू असतो, जो मुलगे अंड्यातच मारतो. या माद्यांमध्ये रंगाचा जनुक असलेलं गुणसूत्र डब्ल्यूला चिकटलंय, त्यामुळे तो भाग आईकडून फक्त मुलींकडे जातो. ठाण्यात असं काही आहे का, हे घरी तपासता येतं. प्लेन टायगर एकेक अंडं सुटं घालतं, म्हणून झुडपावरून वेचलेली अंडी चालणार नाहीत, त्यांच्या आया वेगळ्या असू शकतात. येऊरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेच्या रुईवर सापडलेली एक मादी जाळीच्या पिंजऱ्यात रुईच्या कोवळ्या डहाळीसोबत ठेवा. न उबलेली अंडीसुद्धा मोजा. फुलपाखरं निघाली की मागच्या पंखाची खालची बाजू बघा. नराला तिथे गंधाच्या पिशवीचा एक जादा काळा ठिपका असतो, मादीला नसतो. निम्मी अंडी वाया गेली आणि निघालेल्यांत तो ठिपका एकावरही नसेल, तर त्या फुलपाखरांचे पाय इथेनॉलमध्ये जपून ठेवा.