पद्मिनी का थांबली: कुर्ल्याच्या गाडीची पार्श्वभूमी

मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती परवान्यावरून उतरली. तेव्हा जे लिहिलं-बोललं गेलं त्यात या गाडीच्या अस्ताचं खापर मारुतीवर नाहीतर वयोमर्यादेवर फोडलं गेलं. दोन्ही कारणं अर्धवट आहेत. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, तरी पद्मिनी त्यानंतर सोळा-सतरा वर्षं बनत राहिली. वयोमर्यादेचं म्हणाल, तर 2008 मध्ये 25 आणि 2013 मध्ये 20 वर्षांची अट आली, तोवर या गाडीचं उत्पादन केव्हाच बंद पडलं होतं. दुखणं जुनं होतं आणि ते ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातच सापडतं.

सुरुवातीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. 1944 ची कंपनी. आधी डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या अमेरिकी गाड्यांची जुळणी, मग 1951 मध्ये फियाटशी करार. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, असं धोरण केंद्राने 1953 मध्ये घेतलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड बाहेर पडल्या, उत्पादनाची तयारी दाखवणाऱ्या राहिल्या. 1954 पासून आलेली 1100 म्हणजे पुढची दारं उलटी उघडणारी ‘डुक्कर फियाट’. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली आणि पुढे पद्मिनी म्हणून जी गाडी ओळखली गेली ती हीच. फियाटशी परवाना-करार संपल्यावर काही काळ ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’, एवढाच बदल पाटीवर झाला. टॅक्सीवाले आणि फिटर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत आले.

गाडी कागदावर साधी होती. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, 68 मिमी बोअर, 75 मिमी स्ट्रोक, पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह, एकच सोलेक्स कार्बोरेटर आणि जेमतेम चाळीस अश्वशक्ती. मूळ इटालियन 1100 डीमध्ये 1221 सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडे मात्र आधीचं लहान इंजिनच चालू ठेवलं गेलं. चार गिअर, दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दाते आपोआप जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दाते करकरणार. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे.

तिचे नेहमीचे आजारही ठरलेले. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. पंखा पट्ट्यावर चालणारा, म्हणजे इंजिन मंद फिरलं की पंखाही मंद. मे महिन्याच्या गर्दीत इंजिन तापलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि पाणी ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकला दुधी फेस दिसला की निदान पक्कं. त्यावर नुसतं नवं गॅस्केट टाकून भागत नाही. हेड लेथवाल्याकडे नेऊन प्लेन करून घ्यावं लागतं, नट मधून बाहेरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात आणि गाडी थोडी चालवल्यावर पुन्हा तपासावे लागतात. गरम इंजिनावरच घाईने हेड खोलणारा फिटर ते हमखास वाकवतो. दुसरा आजार व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे उष्णतेने पेट्रोलची वाफ पंपातच होते, पंप वाफ ढकलत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. ओलं फडकं पंपावर टाकून पाच-दहा मिनिटं थांबणं हा रस्त्यावरचा उपाय. तिसरा आजार गिअरच्या सळ्यांचा. खांबापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडांमधले बुश झिजले की गाडी दोन गिअरमध्ये अडकते, मग बॉनेट उघडून सळी हाताने सोडवायची. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला वेळेवर ग्रीस नाही मारलं तर स्टिअरिंग जड होतं आणि टायर एका अंगाने झिजतात.

हे सगळं पान्यांचा एक संच आणि दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला माणूस दुरुस्त करू शकत होता. टॅक्सी म्हणून ही गाडी इतकी टिकली ती याच गुणावर. मजबुतीचं कौतुक जरा जास्तच होतं. पत्रा सडायचा, विशेषतः दारांखालचा आणि पायाखालचा, आणि सांगाडा एकसंध असल्याने तिथला गंज नुसता दिसण्यापुरता नसायचा.

आता मूळ वाद. मॉडेल बदललं का नाही, यावर कंपनीच्या बाजूने नेहमीचं उत्तर असतं: सरकारी किंमत-नियंत्रण. हे उत्तर नीट तपासायला हवं, कारण त्यात तथ्य आहे आणि पळवाटही.

गाड्यांच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचा आदेश 1959 पासूनच होता. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट पाहायची, सरकारी कोटा वेगळा. घाई असेल त्याने ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन दुसऱ्याची गाडी घ्यायची. 1969 मध्ये केंद्राने उद्योग (विकास व नियमन) कायद्याच्या 18-जी कलमाखाली गाड्यांच्या कारखाना-किमतीच ठरवून टाकल्या. त्या वेळी मोटारी बनवणाऱ्या तिन्ही कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने साहित्य, मजुरी, वॉरंटीचा खर्च असा एकेका रकमेचा हिशेब केला आणि 1971 च्या अखेरीस आलेल्या निकालात गुंतवलेल्या भांडवलावर 16 टक्के परतावा योग्य धरला गेला. पुढे 1975 मध्ये नियंत्रण उठलं.

कंपनीची बाजू घेणारे म्हणतात की अशा हिशेबात नवं मॉडेल आणणं परवडणारं नव्हतं. पण सूत्र नीट पाहा. परतावा गुंतवलेल्या भांडवलावर होता. नव्या डाय (पत्रा दाबायचे साचे), नव्या यंत्रांवर पैसा घातला असता तर तोही भांडवलातच धरला गेला असता. उलट घसारा पुरता काढून झालेल्या जुन्या यंत्रसामग्रीवर या सूत्राने फार काही हाती लागत नव्हतं. म्हणजे 16 टक्क्यांचं सूत्र स्वतःहून नव्या गुंतवणुकीच्या आड येत नव्हतं. आड येत होती ती क्षमतेच्या परवान्याची मर्यादा आणि आयात यंत्रांसाठी लागणाऱ्या परकीय चलनाची परवानगी. या दोन गोष्टी खऱ्या अडचणी होत्या, पण त्या किंमत-नियंत्रण नव्हेत. दोन्ही एका पोत्यात घातल्या की व्यवस्थापनाची जबाबदारी सोयीस्करपणे झाकली जाते.

कामगार संघटनांच्या बाजूचा युक्तिवादही पुरता धुतल्या तांदळासारखा नाही. गिऱ्हाइकांची रांग दारात असल्याने मालक सुस्त झाला, असं ते म्हणतात. खरं आहे, पण त्या रांगेचा फायदा उत्पादकतेच्या वाटाघाटीत सगळ्यांनीच घेतला. आणि नियंत्रण उठल्यापासून पुढची नवी गाडी यायला दहा वर्षं लागली. या प्रकरणातली हरवलेली वर्षं हीच, 1975 ते 1985. तोवर तिकडे गुडगावला मारुतीची 796 सीसीची, पुढच्या चाकांवर चालणारी, हलकी गाडी धावू लागली होती. तिची सुरुवातीची किंमत 50 हजारांच्या आत होती आणि गिअर खांबावर नव्हे, हाताशी होता.

1985 मध्ये 118 एनई आली तीही अर्ध्या मनाने. सांगाडा फियाट 124 चा, म्हणजे 1966 च्या रचनेचा, आणि त्याच्या डाय स्पेनच्या सेआतकडून घेतलेल्या. इंजिन निसानचं ए12, 1171 सीसी, त्याचा गिअरबॉक्सही निसानचाच. इंजिन गुळगुळीत आणि टिकाऊ होतं, यात वाद नाही. चूक वेगळीच झाली. ही गाडी पद्मिनीच्या जागी न आणता तिच्या जोडीला आणली गेली. त्यामुळे दोन सांगाडे, दोन इंजिनं, सुट्या भागांचे दोन पुरवठादार, आणि दोन्हींचा खप कारखाना भरेल इतका नाही. पुढे एफएनएम या इटालियन कंपनीच्या 1366 सीसी डिझेल इंजिनाने तिसरी भर घातली. पद्मिनी 137 डी ही त्याचीच. डिझेलचा दर कमी असल्याने टॅक्सीवाल्यांना ती पटली, पण घरगुती गिऱ्हाइकाला तिची थरथर सोसवेना. शेवटच्या काही गाड्यांना जमिनीवरचा गिअर आणि बकेट सीट मिळाली. वीस वर्षं उशिरा.

1991 नंतर परदेशी भागीदार दारात उभे राहिले तेव्हा कंपनीने एक नव्हे, दोन सोयरिकी केल्या. प्यूजोबरोबर कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात 309, आणि जुन्या भागीदाराबरोबर, म्हणजे फियाटबरोबर, कुर्ल्यात उनो. दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, त्यामुळे पद्मिनीच्या मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टपासून डिफरन्शियलपर्यंत काही बनवणाऱ्या पुरवठादारांना दोन्हींकडे काम नव्हतं. दोन्ही भागीदार युरोपात एकमेकांचे स्पर्धक. उनोची आगाऊ नोंदणी लाखांवर गेली, पण कारखान्यातले तंटे पेटले आणि गाड्या वेळेवर बाहेर पडेनात. डिपॉझिट भरलेले लोक परताव्यासाठी खेटे घालू लागले. डोंबिवलीतही तेच. दशक संपायच्या आत प्यूजो निघून गेली. उनोचा कारभार टप्प्याटप्प्याने फियाटच्या हातात गेला आणि फियाटही पुढे टाटांबरोबर रांजणगावला गेली. आता कुर्ल्याच्या त्या आवारात निवासी इमारती उभ्या आहेत.

या धामधुमीत पद्मिनीचं काय करायचं, हा प्रश्न कुणी सोडवलाच नाही. तो उत्सर्जनाच्या नियमांनी सोडवला. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारं उपकरण) आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. 2000 मध्ये देशभर युरो-1 च्या तोडीचे नियम आले, आणि मुंबईत 2001 च्या सुरुवातीपासून त्याहून कडक भारत स्टेज-2. पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन आणि सोलेक्स कार्बोरेटर घेऊन हा उंबरठा ओलांडता येत नाही. कन्व्हर्टर नीट चालायला हवा-पेट्रोलचं प्रमाण काटेकोर लागतं आणि झिजलेल्या जेटचा कार्बोरेटर ते राखू शकत नाही. प्लगची एखादी ठिणगी चुकली तर न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळतो. इंजेक्शन बसवायचं तर हेड आणि मॅनिफोल्ड नव्याने आखायचं, आणि त्यासाठी लागणारा पैसा दोन सोयरिकींत गेलेला. 2001 च्या सुमारास उत्पादन थांबलं ते यामुळे.

रस्त्यावरच्या टॅक्सींना मात्र सीएनजीने आणखी काही वर्षं दिली. डिकीत 60 लिटर पाणी मावेल एवढी टाकी, 200 बार दाबाने साधारण दहा किलो गॅस, आणि सामान वरच्या कॅरिअरवर. कार्बोरेटरच्या तोंडाशी गॅस आणि हवा मिसळणारा मिक्सर बसवला जायचा. गॅस सावकाश जळतो, म्हणून इग्निशन थोडं ॲडव्हान्स करावं लागतं आणि प्लगचं अंतर कमी ठेवावं लागतं. ते न करता दिलेल्या गाड्या चढावर धापा टाकत आणि मागे फिरलेल्या आगीने एअर फिल्टरचं कव्हर उडवत. गॅसमध्ये पेट्रोलसारखा ओलावा नसल्याने व्हॉल्व्ह-सीट लवकर खचत, टॅपेट घट्ट होत आणि कॉम्प्रेशन जाई. सीएनजीमुळे इंजिन खराब होतं, ही टॅक्सीस्टँडवरची तक्रार खरी होती, पण निम्म्या वेळा दोष टॅपेट न तपासण्याचा असे.

खासगी पद्मिनी आजही चालवता येते. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग, त्यासोबत पर्यावरण कर. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक घेता येतो. त्याचं शुल्क 20 हजार रुपये आहे, पण ती गाडी नेहमीच्या वा धंद्याच्या वापराला चालत नाही. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी 2024 मध्ये ही मर्यादा गाठली. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. त्यामुळे सोयीसाठी दुसरं इंजिन चढवलेल्या किंवा पत्रा कापून बॉडीचं रूप पालटलेल्या गाड्या अडकतात. जुनी गाडी घेताना आधी आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहावा, पत्रा आणि रंग नंतर.