आतड्यातल्या पिशव्या: बी निर्दोष, दाब दोषी

आता खेड्यातली माणसंही सीटी स्कॅन करून येतात. पेशंटला नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला नेलेलं असतं मुतखड्यासाठी, पण रिपोर्टात खाली एक जास्तीची ओळ येते: मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युला. कोणीतरी सांगतं की आतड्याला पिशव्या झाल्या आहेत. मग घरात ठराव होतो. "जवसाची चटणी बंद, जाम (पेरू) बंद, हुरडा तं बिलकूल नाई. बी अटकते ना पिशवीत!" ऐन हुरड्याच्या दिवसांत घरातलं म्हातारं माणूस वावरात शेकोटीजवळ नुसतं बसून राहतं, हे मला बघवत नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

ही समजूत गावाने तयार केलेली नाही. शेंगदाणे-बदामासारखे दाणे, बिया, मका खाऊ नका, असं अनेक दशकं डॉक्टरच सांगत होते, कारण तर्क पटण्यासारखा होता: पिशवीचं तोंड अरुंद, बी बारीक, म्हणजे ती आत जाऊन अडकणार आणि पिशवी सुजणार. पण हे कोणी तपासून पाहिलं नव्हतं. २००८ साली अमेरिकेतल्या ४७ हजारांवर पुरुषांचा १८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात दाणे, मका आणि मक्याच्या लाह्या भरपूर खाणाऱ्यांना पिशव्यांचा दाह किंवा रक्तस्राव जास्त झालेला दिसला नाही. उलट दाणे आणि लाह्या नेमाने खाणाऱ्यांत दाहाचं प्रमाण थोडं कमीच होतं. बारीक बियांच्या स्ट्रॉबेरीसारख्या फळांवरही काही ठपका आला नाही. त्या माणसांनी आपला हुरडा खाल्ला नव्हता हे खरं. पण जवसावर किंवा जामाच्या बियांवर वेगळा आरोप ठेवायला कुठलाही पुरावा नाही.

मग पिशवी होते कशाने? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

आतडं म्हणजे थरांची नळी. आत नाजूक अस्तर, त्याभोवती स्नायू. स्नायूंचेही दोन थर असतात: एक नळीभोवती गोल फिरणारा, दुसरा नळीच्या लांबीने जाणारा. लहान आतड्यात हा लांबीचा थर सगळीकडून सलग असतो. मोठ्या आतड्यात मात्र तो तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत आधाराला जवळजवळ फक्त गोल स्नायूच उरतो. आता अस्तराला रक्त हवं, आणि रक्तवाहिन्या येतात बाहेरून. त्यांना स्नायू भेदूनच आत जावं लागतं. जिथे जिथे वाहिनी आत शिरते तिथे तिथे स्नायूत एक बारीक बोगदा असतो, आणि त्यात वाहिनीभोवती थोडी सैल ऊती. भिंतीतली कमजोर जागा हीच. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब त्या चिरेतून फुगा काढते, तसं आतड्याचं अस्तर या बोगद्यातून बाहेर फुगतं. स्नायू बाहेर येत नाही, फक्त अस्तर येतं. म्हणून अशा पिशवीची भिंत फार पातळ असते आणि वैद्यकात तिला 'खोटी' पिशवी म्हणतात. सगळे थर घेऊन बाहेर आलेली पिशवी ती 'खरी'.

या वाहिन्या आतड्यात कुठूनही शिरत नाहीत. तीन पट्ट्यांच्या मधल्या ठरलेल्या जागांतून, ओळीने शिरतात. त्यामुळे पिशव्याही ओळीनेच होतात. आणखी पुढे पाहा. मोठं आतडं संपून गुदाशय सुरू होतो तिथे त्या तीन पट्ट्या पसरून पुन्हा एक होतात आणि नळीला चहूबाजूंनी स्नायूचं सलग आवरण मिळतं. परिणाम असा की गुदाशयात अशा पिशव्या जवळजवळ कधीच सापडत नाहीत. चार बोटं वर पिशव्याच पिशव्या, आणि इथे एकही नाही. शरीररचनेने स्वतःच केलेला इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरीकडे फारसा दिसलेला नाही.

कमजोर जागा पुरेशी नाही, दाबही हवा. नळीच्या भिंतीतला ताण, आतला दाब आणि नळीची त्रिज्या यांचं नातं लाप्लासच्या नियमाने सांगता येतं: दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. स्नायूने तेवढाच ताण दिला, पण नळी अरुंद असेल, तर आतला दाब वाढतो. मोठ्या आतड्याची सुरुवात, उजव्या कुशीतला अंधांत्राचा भाग, साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाचा असतो. डाव्या बाजूला शेवटी सिग्मॉइड नावाचा नागमोडी भाग असतो, तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. म्हणजे त्याच ताणाला सिग्मॉइडमध्ये तिप्पट दाब. त्यात आणखी एक भर पडते. आतडं आकुंचन पावतं तेव्हा जवळजवळच्या दोन वळ्या एकदम आवळल्या गेल्या तर मधला तुकडा दोन्ही बाजूंनी बंद होतो. आत कोंडलेल्या हवेला आणि मळाला वाट नसते, त्रिज्या कमी होत जाते आणि दाब चढत जातो. ब्रिटिश सर्जन नील पेंटर यांनी १९६०च्या दशकात आतड्यात दाब मोजायच्या नळ्या सोडून आणि त्याच वेळी एक्स-रेवर हलतं चित्र घेऊन हे दाखवलं. अशा बंद तुकड्यांत दाब ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. मॉर्फिन दिल्यावर आतडं जास्त आवळलं जातं आणि पिशव्या फुगतात, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह नोंदवलं. वयाबरोबर भिंतीतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन ताठर होतं, लांबीच्या पट्ट्यांत इलॅस्टिन नावाचं लवचीक प्रथिन साठून त्या आखडतात, आतडं आखूड आणि वळ्यावळ्यांचं होतं, तुकडे बंद पडणं आणखी सोपं होतं. पाश्चात्त्य देशांत साठीनंतर जवळपास निम्म्या लोकांत या पिशव्या दिसतात, त्याचं एक कारण हे.

पेंटर आणि युगांडात काम केलेले डेनिस बर्किट यांनी १९७१ साली मांडलं की हा मैदा आणि साखर खाणाऱ्या संस्कृतीचा आजार आहे. कोंडा, चोथा कमी, मळ घट्ट, म्हणून दाब जास्त. ज्वारीची भाकर खाणाऱ्या विदर्भाला ऐकून बरं वाटावं असाच हा सिद्धांत आहे, आणि बरीच वर्षं तो वेदवाक्य मानला गेला. पण २०१२ साली अमेरिकेत दोन हजारांवर लोकांच्या कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीचा, अभ्यास झाला. जास्त चोथा खाणाऱ्यांत पिशव्या कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या, आणि बद्धकोष्ठाशीही संबंध दिसला नाही. पिशव्या होणं आणि पिशव्या सुजणं मात्र वेगळं पाहिलं पाहिजे. सुजण्याबाबत चोथ्याची बाजू अजून भक्कम आहे: ब्रिटनमधल्या ४७ हजार लोकांच्या अभ्यासात शाकाहारी लोकांना या आजाराने दवाखान्यात भरती व्हायची वेळ सुमारे ३१ टक्के कमी आली. म्हणून भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण चालूच ठेवावं.

लाप्लासचा नियमही सगळं सांगत नाही. जपान, कोरियात या पिशव्या बहुतेक उजव्या बाजूला सापडतात, म्हणजे जिथे आतडं सगळ्यात रुंद आणि नियमाप्रमाणे दाब सगळ्यात कमी, तिथे. हवाईत जाऊन अमेरिकी खाणं खाऊ लागलेल्या जपान्यांतही त्या उजवीकडेच राहिल्या. म्हणजे कमजोर जागा जन्मतः कुठे किती कमजोर, हा आनुवंशिकतेचा प्रश्न दाबाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

बहुतेकांना या पिशव्यांचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. थोड्यांना होतो, आणि तो दोन तऱ्हांचा.

पहिला रक्ताचा. आठवा, पिशवी वाहिनीच्या बोगद्यातूनच बाहेर आली आहे. त्यामुळे ती वाहिनी पिशवीच्या डोक्यावरून ताणली जाते आणि तिच्या व आतड्याच्या पोकळीच्या मध्ये फक्त पातळ अस्तर उरतं. वाहिनी फुटली की पोटात न दुखता एकदम भरपूर लाल रक्त पडतं. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. आणि इथेच आपल्याकडे घात होतो, कारण शौचातून लाल रक्त म्हणजे मूळव्याध, हे गावात पक्कं ठरलेलं आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन हमखास इलाज' लिहिलेलं असतं. तिथल्या पुड्या सुरू असताना रक्त थांबलं की श्रेय पुडीला जातं, आणि पिशवी असो, आतड्याचा कॅन्सर असो, तो आत तसाच राहतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदा रक्त पडलं तर दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे. गुडघ्या-कंबरेसाठी दुकानातून आणून खाल्लेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी हा रक्तस्राव आणि पिशवी फुटणं, दोन्हींचा धोका वाढतो. डॉक्टरला त्या गोळ्यांचं नाव आठवणीने सांगा.

दुसरा त्रास दाहाचा: खाली डाव्या बाजूला दुखणं आणि ताप. यावर घराघरात 'बेंबी सरकली' असं निदान होतं आणि पोट चोळून, पोटावर दिवा ठेवून वर तांब्या लावून ती बसवली जाते. बेंबी सरकत नसते. सुजलेल्या, कागदासारख्या भिंतीच्या पिशवीवर जोर देणं म्हणजे ती पोटात फोडण्याचा धोका पत्करणं. कधी सुजलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला चिकटतं, मध्ये वाट पडते आणि लघवीतून हवेचे बुडबुडे येतात. हे लक्षण सांगायला माणसं लाजतात, पण डॉक्टरला त्यावरून लगेच दिशा मिळते.

दाबाचा हाच खेळ दुसऱ्या अवयवांत चालतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला लघवीला जोर करावा लागतो, मूत्राशयाचा स्नायू जाड होतो आणि त्याच्या धाग्यांमधून अस्तर बाहेर येतं. पिशवीत लघवी साचते, संसर्ग होतो, खडे धरतात. तिथे आधी अडथळा काढावा लागतो, नाहीतर दाब तसाच राहतो. घशात मागच्या बाजूला, गिळण्याच्या दोन स्नायूंच्या मध्ये एक त्रिकोणी कमजोर जागा असते. तिथे पिशवी झाली की खाल्लेला घास काही तासांनी न पचता तोंडात परत येतो, गळ्यात गुडगुड होते, तोंडाला वास येतो. अन्ननलिकेच्या मधल्या भागात मात्र उलटा प्रकार होतो: शेजारची क्षयाची गाठ बरी होताना आखडते आणि भिंतीचे सगळे थर बाहेर ओढते.

आणि एक पिशवी अशी की जिचा दाबाशी संबंधच नाही. गर्भात सुरुवातीला आतडं एका नळीने बलकाच्या पिशवीला जोडलेलं असतं. ही नळी सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला बुजते. साधारण १०० पैकी २ जणांत तिचा आतड्याकडचा तुकडा शिल्लक राहतो. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ साली तिचा उगम दाखवला, म्हणून ती मेकेलची पिशवी. लहान आतड्याच्या शेवटापासून साधारण दोन फुटांवर, दोन इंच लांबीची, सगळे थर असलेली, म्हणजे खरी. बहुतेकांत ती गप्प असते. पण काहींत तिच्या आत चक्क जठराचं अस्तर असतं. ते आम्ल सोडतं, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि दोन-तीन वर्षांच्या लेकराला, पोट न दुखता, शौचातून रक्त जातं. हीच पिशवी कधी आतड्याला पीळ पाडते किंवा आतडं आतड्यात घुसवते, आणि पोट फुगतं.

मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. दर काही महिन्यांनी बातमी येते. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणं गुन्हा ठरवलं आहे, पण भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, जाणाऱ्या आईवर नुसता राग काढून काही होत नाही. सर्जन शंभर किलोमीटरवर आणि भूमका शेजारी, असा तो हिशेब आहे, आणि तो आपण बदललेला नाही. चटक्याने कातडी जळते. अडकलेलं आतडं अडकलेलंच राहतं, आणि त्याचा रक्तपुरवठा तुटायला काही तास पुरतात. फुगलेलं पोट, हिरवी उलटी किंवा शौचात रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी १०८ची गाडी बोलवावी. उपजिल्हा रुग्णालयात थांबवून ठेवण्यापेक्षा बालशल्यचिकित्सक असेल तिथे पाठवायचा आग्रह आशाताईने धरावा. मोठ्या दवाखान्यात टेक्निशियमचं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन पोटाचं चित्र घेतात. जठराचं अस्तर ते शोषून घेतं, त्यामुळे चित्रात दोन जागा उजळतात: एक जठर, आणि दुसरी, बेंबीच्या आसपास, जिथे जठर असायला नको. सर्जन तेवढा तुकडा काढून आतडं जोडून देतो.