नदीत पाणी किती? एका सरासरीचा इतिहास

नोव्हेंबर १९२२मध्ये अमेरिकेतील सात राज्यांचे प्रतिनिधी सांता फे येथे जमले आणि त्यांनी कोलोरॅडो नदीचे पाणी वाटून घेतले. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्यालाही तेवढेच. (एकरभर जमिनीवर फूटभर उंच उभे राहील ते एक एकर-फूट पाणी, साधारण १,२३३ घनमीटर.) पुढे १९४४च्या करारात मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट देऊ केले गेले. एकूण वाटप झाले १ कोटी ६५ लाख एकर-फुटांचे. वाटणाऱ्यांच्या हाती मात्र जेमतेम दोन दशकांच्या नोंदी होत्या, आणि ती वर्षे नेमकी भरपूर पाण्याची निघाली.

हे उघड व्हायला १९७६ साल उजाडले. चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जेकोबी यांनी झाडांच्या खोडांतील वाढीची वलये (पाण्याच्या वर्षी जाड, टंचाईच्या वर्षी बारीक) मोजून सुमारे साडेचार शतकांचा प्रवाह मांडला. त्यांची दीर्घ सरासरी १ कोटी ३५ लाख एकर-फुटांच्या आसपास आली. म्हणजे जे पाणी नदीत बहुतेक वर्षी नसतेच, तेही कागदावर कुणाच्या तरी नावे लागले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नदीचे पाणी समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचले, त्याचे एक मूळ या हिशेबात आहे.

नदीचा हिशेब पावसाशी जोडण्याची कल्पना तशी जुनी नाही. नद्यांना पुरेल एवढा पाऊस पडतच नाही, त्यांचे पाणी पृथ्वीच्या पोटातून येते, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. १६७४मध्ये पिएर पेरो या फ्रेंच अभ्यासकाने सीन नदीच्या उगमाकडील खोऱ्यातल्या पावसाचा आणि प्रवाहाचा हिशेब मांडला. पाऊस प्रवाहाच्या जवळजवळ सहापट भरला! त्यानंतरचा खरा प्रश्न उलटा होता: उरलेले पाणी जाते कुठे? जमिनीतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन, झाडांनी पानांवाटे सोडलेली वाफ, जमिनीत मुरणे, ही त्याची उत्तरे. नदी म्हणजे या सगळ्यांचे भागून झाल्यावर उरलेली शिल्लक. शिल्लक लहान असते, म्हणून पावसात किंवा बाष्पीभवनात थोडा फरक पडला तरी नदीत तो मोठा होऊन दिसतो. या विषयातले बहुतेक गैरसमज हे एक सूत्र विसरल्यामुळे होतात, असे मला वाटते.

हवामान स्वतःच किती हेलकावते, हे नाईलने शिकवले. कैरोजवळच्या रोडा बेटावर ८६१ साली बांधलेल्या पातळीमापकाच्या आधारे पूर किती आला, आणि म्हणून कर किती घ्यायचा, हे ठरत असे. हॅरोल्ड हर्स्ट या जलतज्ज्ञाने नाईलच्या अशा शेकडो वर्षांच्या नोंदी तपासून १९५१मध्ये दाखवले, की पाण्याची आणि टंचाईची वर्षे सुटी सुटी येत नाहीत, त्यांच्या लांब रांगा लागतात. वीस वर्षांची सरासरी काढून निश्चिंत होता येत नाही ते यामुळेच.

माणसाचा हात ओळखणे आणखी अवघड होते. अमेरिकेत वॅगन व्हील गॅप येथे १९१० ते १९२६ या काळात शेजारशेजारच्या दोन छोट्या पाणलोटांची मोजणी झाली. १९१९मध्ये त्यांपैकी एकातले जंगल तोडले आणि त्याच्या ओढ्याचा प्रवाह वाढला. पुढे १९८२पर्यंत जमलेल्या अशा ९४ प्रयोगांच्या आढाव्यातही कल तोच होता: झाडे कमी झाली की वर्षभराचा एकूण प्रवाह वाढतो, वाढली की घटतो. जंगल पाणी ‘देते’ या समजुतीला हे छेद देते. जंगल माती धरते, पाणी जमिनीत मुरवते, हे खरेच. पण ते स्वतःही पाणी पिते, आणि तेही हिशेबात धरावे लागते.

या सगळ्याची कसोटी लागली ती चीनच्या पीत नदीवर. १९७२पासून तिचा खालचा भाग कोरडा पडू लागला. १९९७मध्ये तो २२६ दिवस कोरडा होता आणि कोरडे पात्र सुमारे ७०० किलोमीटर लांब होते. दोष पावसाचा की कालव्यांचा? दोन्ही. पाऊस घटला होता आणि सिंचनाचा उपसा बेसुमार वाढला होता. १९८७चा वाटप आराखडा कागदावर होता: नैसर्गिक प्रवाह ५८ अब्ज घनमीटर, त्यातले ३७ अब्ज वापराला, २१ अब्ज गाळ वाहून नेण्यासाठी. १९९९पासून संपूर्ण नदीचे पाणी एका यंत्रणेने सोडायला सुरुवात केली आणि पात्र कोरडे पडणे थांबले. पाऊस काही एकाएकी वाढला नव्हता.

गुंता तरीही संपला नाही. ‘नैसर्गिक’ प्रवाह म्हणजे मोजलेल्या प्रवाहात वरच्या भागात उपसलेले पाणी परत मिळवून काढलेला आकडा. १९१९ ते १९७५ या वर्षांवरून तो ५८ अब्ज येतो, तर १९५६ ते २००० वरून साधारण ५३.५ अब्ज. यात हवामानाचा वाटा आहेच. शिवाय नदीच्या मधल्या खोऱ्यातील लोएस (वाऱ्याने साचलेली भुसभुशीत माती) पठारावर पायऱ्यांची शेती, गाळ अडवणारे बांध आणि वृक्षलागवड झाल्याने पाणी नदीत येण्याआधीच थांबू लागले. हा बदल माणसानेच केलेला, पण कुठल्या कालव्याच्या नोंदवहीत तो सापडत नाही.

कोलोरॅडोत आता तापमान हा वेगळा घटक दिसतो. २००० ते २०१४ दरम्यान तिथला प्रवाह विसाव्या शतकातील सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी राहिला, आणि त्या घटीतला सुमारे एक तृतीयांश वाटा केवळ वाढत्या उष्णतेचा होता, असे २०१७च्या अभ्यासात आढळले. ऊन परतवणारा उजळ बर्फ उष्णतेने लवकर वितळतो, उघडी पडलेली काळपट जमीन जास्त ऊन शोषते, बाष्पीभवन वाढते. २०२१मध्ये जगभरातील ७,२५० केंद्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९७१ ते २०१० दरम्यान कुठे प्रवाह वाढला, कुठे घटला, त्याचा जागतिक नकाशा केवळ पाणीवापर आणि जमीनवापराने उलगडत नव्हता. हवामानबदल धरल्यावरच तो जुळला. एकेका खोऱ्यात मात्र उपसा आणि धरणे आजही वरचढ ठरू शकतात.

अशा तपासणीला लागते सलग मोजणी, आणि १९८०च्या दशकानंतर जगाच्या अनेक भागांत प्रवाहमापन केंद्रे कमी होत गेली. विहिरी आणि कूपनलिकांतून उपसल्या जाणाऱ्या, एरवी झिरपून नदीला मिळाले असते अशा पाण्याची नोंद तर बहुतेक ठिकाणी कधी सुरूच झाली नाही.