माशाच्या अंगावरचा उजेड

समुद्रातून नुकताच आलेला बांगडा किंवा माकूल गोड्या पाण्याने न धुता, अर्धाच बुडेल इतक्या खाऱ्या पाण्यात झाकून थंड जागी ठेवला, तर एक-दोन दिवसांनी गडद काळोखात त्याच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे निळसर हिरवे ठिपके उजळलेले दिसू शकतात. फोटोबॅक्टेरियम आणि त्याच्या जवळच्या प्रजातींच्या जीवाणूंच्या या वसाहती असतात. त्यांचे बियाणे कोठून मागवावे लागत नाही. ते माशाबरोबरच घरात येते आणि एरवी नळाखाली धुऊन जाते.

खारे पाणी करण्यासाठी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ पुरते. तापमान मात्र १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे, कारण मुंबईच्या उकाड्यात मासा कुजवणारे इतर जीवाणू बाजी मारतात आणि हाती फक्त दुर्गंधी उरते. पाहताना दिवे घालवून किमान १५ मिनिटे थांबावे. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर समोरचा उजेडही दिसत नाही. घाई करणाऱ्यांचा प्रयोग बहुधा इथेच फसतो.

ठिपक्यातील जीवाणू निर्जंतुक सुईने उचलून मीठ, पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जीवाणूंचे खाद्य) आणि थोडे ग्लिसरॉल घातलेल्या द्रवात वाढवले, तर खरी गंमत दिसते. स्थिर ठेवलेल्या बाटलीत हवेला लागून असलेला वरचा थरच उजळतो आणि खाली अंधार राहतो. बाटली हलवताच सगळा द्रव उजळून निघतो. ल्युसिफरेज हे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने एका फ्लेविन संयुगाचे आणि लांब साखळीच्या अल्डिहाइडचे ऑक्सिडीकरण करते, व त्यातून सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. ऑक्सिजनचे नावही ठाऊक नसताना, १६६७ साली शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी बुरशीमुळे काळोखात चकाकणारे लाकूड निर्वात पात्रात ठेवून त्याचा उजेड विझतो आणि हवा परत सोडताच उजळतो, हे दाखवले होते.

अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशरी ही अशाच जीवाणूंची एक प्रजाती तर गर्दी जमल्याखेरीज उजळतच नाही. प्रत्येक पेशी एक संकेतरेणू बाहेर सोडते आणि त्याचे प्रमाण पुरेसे वाढले की प्रकाशाची जनुके कामाला लागतात. म्हणून या प्रजातीचा ताजा द्रव पहिले काही तास निराश करतो. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या निळ्या लाटा मात्र बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या एकपेशीय सजीवाच्या असतात. तो धक्का बसला की क्षणभर लखलखतो, हे जीवाणू सलग तेवत राहतात.

प्रयोगाचा मासा खाऊ नये, आणि हाताला जखम असेल तर त्या पाण्यात हात घालूच नये, कारण व्हिब्रिओ या सागरी जीवाणूंपैकी काही जाती घातक संसर्ग करतात. शेवटी सगळ्यावर ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतावे. तेही अंधारातच ओतले, तर उजेड विझताना दिसतो.